पूल झाकायचा नाही!

स्विमिंग पूलचं पाणी फिल्टरमधून साफ होऊन जातं, किस्से मात्र जाळीत अडकतात. भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीचा पूल दादा सांभाळायचा, मी त्याच्या हाताखाली. किस्से तोच सांगायचा. आता मलाच सांगावे लागतात.

*

चौथ्या मजल्यावरचे अंकल कॅनडात मुलाकडे राहून आले आणि डिसेंबर लागताच कामाला लागले. "पाणी गोठून पाइप फुटतात!" म्हणत त्यांनी वॉचमनची गोधडी पंपाच्या पाइपाला गुंडाळली.

सकाळी वॉचमन कुडकुडत दादाकडे आला. दादाने पाइपावर हात ठेवला. "अंकल, ताप उतरलाय ह्याचा. गोधडी देऊन टाका आता!"

*

मग त्यांनी पुलात रिकाम्या बाटल्या सोडल्या. बर्फ झाला तर बाटल्या दबतात, टाइल्स वाचतात म्हणे.

"अंकल, भाईंदरला बर्फ कुठून येणार?" दादाने विचारलं.

"पण आलाच तर?"

"तर गोळा खाऊ!"

*

एकदा त्यांच्या घरी सामान पोचवायला गेलो. थंड हवा आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांना टेप लावलेली. काकू फुल स्पीड पंख्याखाली बसून पेपरानेही वारा घेत होत्या. मला म्हणाल्या, "बाळा, कॅनडात एवढं उकडतं का रे?"

*

दादाचा नियम होता. थंडीत पहिली उडी त्याची. माणसं काठावर उभी राहून बघायची. शहाकाका शाल आणि माकडटोपीत यायचे आणि रोज विचारायचे, "पानी कैसा है?"

दादाचे ओठ निळे पडलेले, दात वाजतायत, तरी ओरडायचा, "चाय है काका, चाय! आ जाओ!"

शहाकाका कधीच उतरले नाहीत. यायचे मात्र रोज.

*

यंदा दिवाळीआधी बाईकच्या अ‍ॅक्सिडेंटमध्ये दादा गेला. त्याचा किस्सा होत नाही.

सेक्रेटरी सावंतकाका मला जिन्यात भेटले. म्हणाले, "मीटिंगमध्ये त्याच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहिलो रे. मग ठराव केला. थंडीभर पुलावर ताडपत्री, उन्हाळ्यात भराव टाकून पार्किंग."

मी म्हटलं, "काका, शांतच उभं राहायचं होतं ना!"

*

ताडपत्री आली त्या सकाळी मी आधी उडी मारली आणि मधोमध जाऊन उभा राहिलो.

"बाहेर ये, न्यूमोनिया होईल!" कॅनडावाले अंकल ओरडले.

"झाका ना! माझ्यासकट झाका!"

सावंतकाकांनी ताडपत्रीचं टोक धरलेलं. "अरे, किती वेळ राहशील आत?"

"उन्हाळ्यापर्यंत!"

काठावर माणसं जमली. पाणी खरंच गार होतं. माझी हनुवटी थरथरायला लागली. तेवढ्यात गर्दीतून माकडटोपी पुढे आली. शहाकाका. नेहमीसारखंच विचारलं, "पानी कैसा है, बेटा?"

माझे दात थांबेनात. "चाय है काका! चाय!"

शहाकाकांनी चपला काढल्या, शाल सावंतकाकांच्या हातात कोंबली. ती धरायला सावंतकाकांनी ताडपत्री सोडली.

आणि शहाकाकांनी नाक दाबून उडी मारली. माकडटोपीसकट!