खानाची डाक, मुक्काम औंढे

मावळात राहून उघडपणे खानाचं कौतुक करणारा आणि तरीही गावजेवणात पहिल्या पंगतीला बसणारा माणूस एकच, माझ्या मेव्हण्याचे सासरे, आबा. औंढ्याचे. उभा जन्म पोस्टमनकीत गेला. आमच्याकडे खान म्हटलं की माणसाच्या भुवया आपोआप चढतात. आबा शांतपणे समजावतात की हा तो नव्हे, हा मंगोलांचा चंगीझखान. त्यानं शहरंच्या शहरं जाळली, हे त्यांना मान्य आहे. "त्याचं पाप त्याच्यापाशी," ते म्हणतात, "पन अशी डाक जगात कुनी चालवली न्हाई." दर टप्प्यावर ताजा घोडा, दाणापाणी तयार, निरोप चीनहून निघाला की इराणपर्यंत कुठे खोळंबा नाही. कुसगावच्या एका हॉटेलच्या नावे आलेल्या पाकिटावर मंगोलियाचं घोड्याचं तिकीट पाहिलं तेव्हापासून हे वेड. मग लोणावळ्याच्या वाचनालयात मिळेल ते वाचून काढलं. अंतरं ते घोड्यांत मोजतात, एक घोडा म्हणजे डाकेचा एक टप्पा. त्यांचा मुलगा नवलाख उंबऱ्याला, म्हणजे दोन घोड्यांवर, कारखान्यात आहे. मुलीला मागणी आली तेव्हा पगाराच्या आधी त्यांनी घर किती घोड्यांवर ते विचारलं. आमचं कुसगाव एका घोड्यात बसलं, म्हणून माझ्या मेव्हण्याचं लग्न जमलं.

गेल्या वर्षी औंढ्याला नवी पोस्टवाली आली, परभणीकडची मुलगी, सायकलवर. चढ आणि कुत्री यांनी ती दोन महिन्यांत टेकीला आली. बदलीचा अर्ज लिहून आबांच्याच ओसरीवर बसून रडली. ती गेली की औंढ्याची पत्रं आणि पेन्शनचे कागद पुन्हा लोणावळ्यात पडून राहणार होते. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "लोक म्हनत्यात राज्य बुडालं म्हनून खानाची डाक थांबली. उलटं हाय. डाक थांबली, मंग राज्य बुडालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या वाटेवर दोन ठाणी नेमली. पहिलं माझं. बँकेतून सन्मानानं निवृत्त झालेला मी रोज सकाळी पाण्याचा तांब्या, हवेचा पंप आणि कुत्र्यांसाठी काठी घेऊन औंढ्याच्या फाट्यावर उभा राहू लागलो. दुसरं चढाच्या पायथ्याशी, तिथे आबा स्वतः. तिची दमलेली सायकल ठेवून घ्यायची, आपली तेलपाणी केलेली द्यायची. सायकल कशी दमते, असं मी विचारलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

अर्ज तिनं पाठवलाच नाही. परवा तब्येत बरी नव्हती म्हणून आबांनी मला सोबतीला पायथ्याशी बोलावलं होतं. ती आली, हात वर केला, "येते आबा" म्हणाली आणि सायकल न बदलता तशीच चढ चढून गेली. तांब्या माझ्या हातातच राहिला. मला जरा वाईटच वाटलं. आबा मात्र ती वळणाआड होईपर्यंत उभे होते.

"थांबली न्हाई बगा," ते म्हणाले. "आता तिला आपली गरज न्हाई."

हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं, की हातातला तांब्या मी त्यांच्याच पुढे केला.