सुनीती आगटे आणि सतरा बाटल्या

सुनीती आगटे रुग्णांना पाठवलेलं शहाळ्याचं पाणी स्वतःच पिते, ही बातमी शनिवार पेठेत पहिल्यांदा कोणी आणली ते मला ठाऊक नाही. मी ती फक्त तीन घरांत पोचवली, तीही मास्क लावून.

सुनीती आमच्याच गल्लीतली. वय शेहेचाळीस, बोलणं मोजकं, आणि तेही समोरच्यावर उपकार केल्यासारखं. नदीपलीकडच्या एका रुग्णालयात ती डायलिसिसचं मशीन चालवते. ज्यांच्या किडन्या थकल्या, त्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून शुद्ध करून परत अंगात सोडायचं. बावीस वर्षं हेच काम. एकदा मी विचारलं होतं, धुताना रक्ताचा रंग जातो का गं? ती म्हणाली, "तुमचं आणा, बघू." तेव्हापासून मी तिच्याशी जपून असतो.

दुसऱ्या लाटेच्या एप्रिलात आमचे अनंत मेहेंदळे तापाने फणफणले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, घरी एकटे, आणि डायलिसिस सुरू होऊन जेमतेम दोन महिने झालेले. मुलगी ऋचा खराडीत. तीही पॉझिटिव्ह, दाराआड. काकांचा ऑक्सिजन उतरला तसं त्यांना सुनीतीच्याच रुग्णालयातल्या कोरोना कक्षात हलवलं. डॉक्टरांनी ऋचाला फोनवर स्पष्ट सांगितलं, की दुखणी दोन आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला विचारून द्यावं लागतं. फुप्फुसं सावरेपर्यंत डायलिसिस एकदाही चुकता कामा नये. लघवीच होत नाही, म्हणून दिवसाला पाणीही मोजून तीन पेले.

कोरोनाच्या रुग्णांसाठी मशीन कोपऱ्यातल्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. ते चालवणारे दोघे आजारी पडले, राहिली सुनीती. वीस दिवस ती घरी आली नाही. तिथल्याच सामानाच्या खोलीत राहिली. पीपीई किट चढवलं की पाच तास तिलाही पाण्याचा थेंब नाही. काका ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणायचे, आपण दोघंही एकाच उपासाचे.

आता आमची पेठ. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, हा इथला कायदा. भेटायची बंदी, म्हणून माणसांऐवजी शहाळी निघाली. घरांनी दिवस वाटून घेतले. शेजारचा विक्रम रोज स्कूटरवरून पाण्याच्या एकदोन बाटल्या न्यायचा आणि आपल्या ओळखीची म्हणून फाटकाशी सुनीतीच्या हातात द्यायचा.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "शहाळं चालणार नाही. उद्या आणू नका."

पण पेठेत 'नाही' हा नकार समजत नाहीत, तो बोलण्याचा सूर समजतात. विक्रम दुसऱ्या दिवशी हजर. मग तिने सांगणं सोडलं आणि बाटल्या घेऊ लागली. दुसऱ्या दिवशी तीच बाटली स्वच्छ धुऊन परत. इथेच ती फसली. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान साखरेचे चार दाणे तरी घालतात. तशात विक्रमने काकांना फोनवर शहाळ्याची चव विचारली. काका म्हणाले, कसलं शहाळं? मला चूळही मोजून मिळते.

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या ग्रुपवर सुनीतीची तब्येत कशी तुकतुकीत झाली असेल, यावर चर्चा.

दहाव्या दिवशी विक्रमने तिला टाळलं आणि दोन बाटल्या एका सफाईवाल्यामार्फत थेट आत पाठवल्या. काका दहा दिवसांचे तहानलेले. दोन्ही संपवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीती किट घालून कक्षात आली तेव्हा त्यांना हात उचलवत नव्हता. नाडी रेंगाळत होती. तिने खाली वाकून विचारलं, "काका, काय प्यायलात?"

"काही नाही."

"मी रागावणार नाही. मोजून सांगा."

काकांनी दोन बोटं दाखवली. "विक्रमने पाठवलेलं. फार गोड होतं गं."

तिने डॉक्टरांना हाक मारली. हृदयाचा आलेख निघाला, इंजेक्शन गेलं, काकांची पाळी पुढच्या दिवशीची असूनही मशीन त्यांना आधी लागलं. चार तास ती खुर्चीवर बसली नाही. तिसऱ्या तासाला काकांनी हाताची मूठ वळून दाखवली, तेव्हा म्हणे ती पहिल्यांदा भिंतीला टेकली.

महिन्याभराने काका घरी आले. ऋचा खराडीहून धावत आली आणि विक्रम आठवडाभर गल्लीतून मान खाली घालून गेला. सुनीतीने मात्र ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. खुलासा करणाऱ्यालाच पेठ चोर मानते, हे तिला जन्मापासून माहीत.

परवा मी तिला जिन्यात गाठलं आणि म्हटलं, आता तरी सांग, कशी होती शहाळी? म्हणाली, "तुम्ही तीन घरांत सांगितलंत ना? चौथ्यात विचारा."

चौथं घर मेहेंदळ्यांचं. तिथे कळलं ते असं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी बंद पडलेल्या माणसाच्या अंगातून ते बाहेर जात नाही, आणि वाढलं की हृदय थांबू शकतं. सुनीतीने सतरा बाटल्या घेतल्या. सतराही फाटकाजवळच्या मोरीत ओतल्या.