जाळेवाला काहून मेला

पवनीच्या घाटावर मी ज्याच्याकडून मासोळी घेतो, त्याचे निम्मे शब्द दातांतच राहतात. फेकजाळ्याची कड तोंडात धरायची जन्माची सवय. जाळं हाती नसलं तरी जबडा तसाच. जुन्या रोममधल्या, आखाड्यातल्या जीवघेण्या झुंजींचे सिनेमे तो मोबाईलवर हिंदीत पाहतो, आणि मी इतिहासाचा मास्तर, म्हणून जाब मला विचारतो.

परवा तर लांबूनच ओरडला, "सर, आखाड्यात जाळं घेऊन लढणारा तो गडी काहून मेला?"

"तलवारवाल्यानं मारला. तिथे तसंच व्हायचं."

"हट्! जाळ्याचा बोळा करून फेकला त्यानं. असं फेकते का कोणी? उभे राहा तुमी!"

मी उभा राहिलो. त्यानं कड दातांत धरली आणि कमरेतून गर्रकन वळला. माझ्या डोक्यावर जाळं गोल उघडलं, शिशाच्या गोळ्या चौफेर एकदम आदळल्या आणि मी पिशवीसकट अडकलो. घाटावरचे सगळे हसले.

तो हसला नाही. जाळं सोडवत म्हणाला, "त्या खऱ्या गड्याले फेकता येत होतं, सर. त्याचं पोट होतं जाळ्यावर. सिनेमावाल्याले नाही येत, म्हून मेला बिचारा."