वाढीव पाटा

नाशिकच्या द्वारका चौकातून आडगावकडे जाताना सर्व्हिस रोडला हारुनचं पाट्यांचं दुकान आहे. पिकअपच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, सगळं ओझं ती झेलते. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. तीस वर्षं हारुन तेच काम करतोय. लांबून येणारी गाडी नुसती बघून तो सांगतो, किती भरलीय.

पिकअप सव्वा टनाची घ्यावी, पावणेदोनची की दोनची, हे विचारायला लोक त्याच्याकडेच येत. "लहानच घेतो, तू दोन पाटे वाढवून दे," असं बहुतेकांचं म्हणणं. हारुन सांगे, "पाटे वाढवले की गाडी बसत नाही, एवढंच. मोठ्या गाडीचे ब्रेक मोठे, टायर मोठे, चासी जाड. ते कुठून आणशील? आणि मागे ट्रॉली जोडणार असशील तर बघच. ओढायला इंजिन पुरतं, थांबवायला ब्रेक लागतो." एवढं सांगून तो पाटे वाढवूनही देई. धंदा होता.

अरसलान त्याच्याच गल्लीतला, बरोबरीचा. कांदा वाहायला त्याच्या पाच पिकअप होत्या, पाचही सव्वा टनाच्या, सगळ्यांना हारुननेच वाढीव पाटे घातलेले. त्यातली एक हारुनचा धाकटा भाऊ मुन्ना चालवायचा.

मागच्या मार्चमध्ये देवळ्याला मुन्नाच्या गाडीत दुप्पट कांदा भरला, आणि वर अरसलानने कांदा निवडायचं यंत्र ट्रॉलीवर टाकून मागे जोडलं. मुन्ना नको म्हणाला.

"इंजिन ओढतंय ना? तुला काय डोक्यावर घ्यायचंय?" अरसलान म्हणाला.

घाटाच्या उतारावर ब्रेक तापले, ट्रॉलीने मागून रेटलं आणि गाडी कठडा तोडून खाली गेली. मुन्ना जागेवरच संपला. पोलीस पोचायच्या आत अरसलानच्या माणसांनी ट्रॉली आणि निम्म्या गोण्या हलवल्या. कागदावर आलं, माल सव्वा टन, चूक चालकाची.

जनाज्याला खांदा द्यायला अरसलान पुढे होता. कब्रस्तानाच्या फाटकात तो लोकांना सांगत होता, "मुन्ना जरा जोरातच पळवायचा."

घरी मुन्नाची बायको मेहरुन्निसा एवढंच म्हणाली, "भाईजान, ते कधी साठच्या वर गेले नाहीत."

खरं काय ते रविराजने सांगितलं. अरसलानचाच चालक, त्या दिवशी मुन्नाच्या मागे होता. सांगताना त्याला हुंदका आवरेना. हारुन रडला नाही. ते पाटे आपण घातले होते, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

मुन्नाचा चाळिसावा दिवस झाला आणि अरसलानने गाड्या पुन्हा हारुनकडेच पाठवल्या. काही घडलंच नाही जणू! गाडीखाली आडवं पडून हारुन पाटे आवळून धरणाऱ्या यू-बोल्टकडे बघत राहिला. एक नट ढिला सोडला की झालं. पण या गाडीत अरसलान बसत नाही, रविराज बसतो.

त्याने नट उघडले आणि वाढीव पाटे काढून घेतले. कंपनीतून आली होती तशी गाडी करून ठेवली. महिनाभरात चारही गाड्यांचे पाटे त्याच्या दुकानात येऊन पडले.

प्रत्येक चालकाला त्याने बजावलं, "सव्वा टनापर्यंत गाडी सरळ राहील. त्यावर भरलं की बसेल. बसली की हलवू नको. शेठला म्हण, तूच चालव."

वाढीव पाट्यांमुळे इतकी वर्षं दुप्पट भरलेली गाडीही ताठ दिसायची, कुणी अडवत नसे. आता ती गोदामाच्या फाटकातच मागून बसू लागली. चालक किल्ल्या टेबलावर ठेवून निघून जात. अरसलानने बदली चालक आणले, तर दोन गाड्या आरटीओच्या पथकाने लांबूनच ओळखून थेट वजनकाट्यावर नेल्या. माल वेळेवर पोचेना. कांदा बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने अरसलानचं काम बंद केलं. दर बातमीला हारुन चहा मागवायचा आणि चवीने प्यायचा.

जूनमध्ये अरसलान स्वतः आला. दुकानात पाच-सहा चालक उभे होते.

"हारुन, माझ्या गाड्यांचे पाटे तू काढलेस?"

"हो."

"घाल परत. तुझ्या शब्दाबाहेर दुसरा कुणी कारागीर माझ्या गाडीला हात लावत नाही. मी बरबाद होईन रे."

"मुन्नाच्या गाडीत त्या दिवशी किती माल होता?"

हारुनने पाना खाली ठेवला नाही, आवाजही चढवला नाही. तोच प्रश्न तीनदा विचारला.

"सव्वीसशे किलो," अरसलान शेवटी म्हणाला. "आणि ट्रॉली."

"मुन्ना जोरात पळवत होता?"

"नाही."

"आता घरी जा. पाटे मिळणार नाहीत."

अरसलानने त्याचा हात धरला. हारुनने तो सोडवून घेतला आणि ग्रीस पुसावं तसा फडक्याने पुसला.

दुसऱ्या दिवशी मेहरुन्निसा, रविराज आणि दुकानात उभ्या असलेल्यांपैकी तीन चालक पोलीस ठाण्यात गेले, जे ऐकलं आणि पाहिलं ते लिहून दिलं. तपास पुन्हा उघडला. आता खटला उभा आहे. अरसलानने दोन गाड्या विकल्या. तारखेच्या दिवशी हारुन दुकान बंद ठेवतो आणि कोर्टात अरसलानला दिसेल असा, अगदी समोर बसतो.

"माफ करून टाका आता, भाईजान," परवा मेहरुन्निसा म्हणाली. तिच्या नवऱ्याचं नाव साफ झालंय, तिला तेवढं पुरतं.

हारुनने मान हलवली नाही. पाटे वाढवून मागणाऱ्याला मात्र तो आता दुकानाची पायरीही चढू देत नाही.