मेल्यावर हसायचं असतं

“मेलंय एकदाचो! आता काढ रे ह्या.”

राक्षस मारला गेला आणि दिग्दर्शकाने कट म्हटलं, की जमिनीवरच्या देहातून हे वाक्य यायचं. रबराच्या आतून यायचं, त्यामुळे घागरीत तोंड घालून कोणी बोलतंय असं वाटे. मी धावत जायचो, कानामागे बोट घालून मुखवट्याची कड शोधायचो आणि ओढायला लागायचो. आतून घामाने निथळणारा, पन्नाशीकडे झुकलेला एक चेहरा बाहेर यायचा. तो चेहरा कॅमेऱ्याकडे बघून हसायचा. मगच काका उठायचे.

तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. तुमच्या घरी नसेल तर शेजारच्या घरी टीव्ही असेलच, आणि रविवारी सकाळी अंतराळयानाची ती मालिका लागली की रस्ते ओस पडत असत. तिच्यातला धुळीच्या ग्रहाचा राजा आठवतो? गोठलेला सम्राट? यंत्रमानवांचा बाप, तीन डोळ्यांचा सेनापती? ते सगळे एकच गृहस्थ होते. शेवटी नावांची पाटी सुरू होईपर्यंत तुम्ही उठून अंघोळीला गेलेले असायचे, म्हणून नाव माहीत नाही, एवढंच. मीही नाव सांगत नाही. सेटवर सगळे त्यांना काकाच म्हणत.

मी मुखवटे करायचो. मूळचा मी कांदिवलीच्या गणपतीच्या कारखान्यातला. देव घडवणाऱ्या हातांनी दैत्य घडवायचे, यावरून घरी वडील माझ्याशी धड बोलत नसत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याचा गाळा भाड्याने घेतलेला होता, त्यात आमचं अंतराळ. थर्माकोलचं यान, त्याच्या भिंतींना अंड्यांचे रंगवलेले ट्रे, आणि शेजारच्या गाळ्यातल्या प्रेस मशिनचा दिवसभर धाडधाड आवाज. ते मशीन बंद झालं की आम्ही संवाद घ्यायचो, चालू झालं की मारामाऱ्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापे की माझा गोंद आपोआप पातळ व्हायचा.

त्या उकाड्यात रबर तोंडावर चढवून घ्यायला कोणी तयार नसे. पहिला राक्षस झालेला तरणाबांड गडी चक्कर येऊन कोसळला आणि परत फिरकलाच नाही. मग कोणीतरी कामगार नाटकांत खलनायक करणाऱ्या काकांना आणलं. गिरणी संपात बंद पडलेली, हे घरी बसलेले. मी घाबरत विचारलं, “काका, आत गुदमरेल, चालेल ना?”

“अरे, गिरणीत जन्म गेलो. हय कापूस तरी उडना नाय.”

कापूस उडत नव्हता, पण आधी उडालेला त्यांच्या छातीत होताच. दोन शॉटच्या मध्ये ते उभ्या पंख्यापुढे खुर्ची घेऊन बसत आणि मुखवट्याच्या तोंडाची फट पात्यांसमोर धरत. आतून शिट्टीसारखा श्वास ऐकू यायचा. तो मलाच ऐकू यायचा, कारण तेवढ्या जवळ मीच असायचो. मी बघतोय हे कळलं की त्यांचा हात हलायचा, आपलं काम कर म्हणून.

आता हसण्याचं सांगतो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पडद्यावर मेलेल्या नटाने शॉट संपल्यावर कॅमेरा चालू असतानाच त्यात बघून हसायचं. खोट्या मरणाचा खऱ्या आयुष्याला डाग लागू नये म्हणून. मोठे नट हसतात, त्यांच्यासाठी कॅमेरा चालू ठेवतात. पण मुखवट्यातला राक्षस हसला काय नि रडला काय, दिसतंय कोणाला? दिग्दर्शक म्हणायचा, “काका, रबर हसतंच आहे की! चला यार, पुढचा शॉट.”

काका उठत नसत. तसेच आडवे पडून राहत. “माका हसाक व्हया,” एवढंच म्हणत. सहा फुटी मेलेला राक्षस सेटच्या मधोमध पडलेला, मग पुढचा शॉट कसा घेणार? झक मारत कॅमेरा चालू ठेवावा लागे.

यात माझी वाट लागायची. घाईने ओढला की मुखवटा कडेला फाटायचा, पुन्हा लावण्यालायक राहायचा नाही. एकदा गोठलेला सम्राट मेला, काका हसले, चहा प्यायला गेले, आणि मग दिग्दर्शकाच्या लक्षात आलं की मरताना मागे स्पॉटबॉय उभा दिसतोय. पुन्हा मरायला हवं. सम्राटाचं तोंड माझ्या हातात दोन तुकडे होऊन लोंबत होतं. शेवटी मला झगा घातला, पाठमोरा पाडला आणि मी मेलो. उठायला गेलो तर काका चहाचा ग्लास घेऊन माझ्यासमोर उकिडवे बसलेले.

“हस.”

“अहो, माझी तर पाठ होती.”

“पाठ तर पाठ. मेलंस ना? हस आधी.”

सगळं युनिट खोळंबलं होतं. मी हसलो. तेव्हा कुठे त्यांनी ग्लास तोंडाला लावला.

हा सगळा हट्ट कशापायी, ते मला एका पॅकअपनंतर कळलं. घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत त्यांची म्हातारी आई होती. लग्न केलं नव्हतं, मायलेक दोघंच. गावी दशावतारात काका राक्षस व्हायचे, तेव्हापासून आई त्यांचं मरण बघत आलेली. पण तिकडे मेलेला राक्षस नाटक संपलं की घरी येऊन पेज मागायचा. टीव्हीवरचा राक्षस मरतो आणि लगेच साबणाची जाहिरात लागते. म्हातारीच्या जिवाला ते झेपेना. मग दोघांनी एक ठरवून टाकलं. मरणाचा भाग लागेल त्या रविवारी काकांनी तिच्या शेजारी बसायचं. पडद्यावर राक्षस पडला की ती विचारणार, “हसलंस मां रे?” आणि हे सांगणार, “हसलंय गो आये.” मगच ती ताटावर बसणार.

“खोटा सांगूक येयत,” काका मला म्हणाले, “पण ती माझ्या तोंडाक बघता. तिका कळता.”

म्हणून रविवारी काका शूटिंगला येत नसत. “राक्षसाला संडे ऑफ!” असं म्हणून दिग्दर्शक कपाळावर हात मारायचा, पण दुसरा राक्षस मिळत नव्हता, त्यामुळे गप्प बसायचा.

मालिका संपायला आली तेव्हा एक गोष्ट घडली. शेवटचा खलनायक परग्रहावरचा नव्हता, आपल्याच यानातला फितूर कमांडर होता. म्हणजे माणूस. उघड्या तोंडाचा. दिग्दर्शक मनाने वाईट नव्हता. त्याने ते काम काकांना दिलं.

काकांचा आनंद मी काय सांगू! माझ्या आरशासमोर येऊन बसले आणि एक भुवई वर करून बघितली, मग दुसरी. दाढी दोनदा करून आले. इतकी वर्षं खांदे आणि हात यांनीच अभिनय केलेला, तोंडाला सवय राहिली नव्हती. “ह्या कपाळ हलता काय रे अजून?” त्यांनी मला विचारलं. हलत होतं. मी तसं सांगितलं तेव्हा लाजले. मला मात्र आरशावरच्या दिव्याच्या उजेडात त्यांच्या डोळ्यांखालचा थकवा पहिल्यांदा नीट दिसला. इतके दिवस तो माझ्याच रबराखाली झाकलेला होता.

पण शूटिंग नेमकं रविवारी निघालं. नायकाला दुसरा दिवस मोकळा नव्हता. आणि त्याच रविवारी सकाळी, आधी कधीतरी शूट केलेला तीन डोळ्यांचा सेनापती टीव्हीवर मरणार होता. शुक्रवारी काका माझ्याकडे आले. मग मला बाजूला घेतलं.

“तुझा परवा काय काम? माझ्या तोंडाक तुझो रबर नको. तू जा घाटकोपरला. आयेच्या बाजूक बस. सांग तिका.”

मी गेलो. डोंगर चढून वर पोचेपर्यंत माझीच दमछाक झाली. हे रोज चढउतार करणाऱ्या त्या छातीचं काय होत असेल, असं मनात आलं. आजी शेजारच्या कांबळ्यांच्या खोलीत टीव्हीपुढे बसली होती, लहानखुरी, नऊवारी घट्ट नेसलेली. मी ओळख सांगितली, “आजी, मी तो मुखवटे करणारा. काढतो पण मीच.” तिने माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले आणि मला शेजारी बसवून घेतलं.

सेनापती मेला. चाळीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. आजी पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, “बघ, डाव्या कुशीर पडलो. हात डोक्याखाली घेतल्यान. लहानपणापासून असोच निजता.” इतके मुखवटे केले मी, या गोष्टीकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

मग तिने विचारलं, “हसलो मां?”

“हसले ना आजी. मीच मुखवटा काढला. खूप हसले.” आणि ते खरंच होतं.

“तू सांगतस, बरा आसा. पण तो खंय आसा?”

मी काम समजावलं. आज त्यांचा चेहरा दिसणार, सगळी मुंबई बघणार, वगैरे. तिने ऐकून घेतलं, आपल्या खोलीत गेली, भात झाकून ठेवला आणि उंबऱ्याशी बसली. कांबळेवहिनींनी दोनदा सांगून बघितलं. मीही जेवायला सांगितलं. ती माझ्यावर रागावलीसुद्धा नाही, नुसती डोंगराच्या पायऱ्यांकडे बघत राहिली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या पायऱ्यांवर काका दिसले. कमांडरची निळी पँट, वर स्वतःचा सदरा, तोंडाला पावडर आणि ती घामाने ओघळलेली. एकेका पायरीवर थांबत येत होते. दारात पोचल्यावर त्यांना बोलता येईना. चौकट धरून उभे राहिले, आईकडे बघून हसले आणि मग म्हणाले, “हसलंय गो आये.”

आजी उठली आणि तिघांची पानं वाढली.

नंतर कळलं ते असं. पहिला शॉट झाला आणि काकांनी दोन तासांची सुट्टी मागितली. दिग्दर्शक म्हणाला, गेलात तर परत येऊ नका. ते काम संध्याकाळी प्रॉडक्शन मॅनेजरने केलं, आणि अगदी भिकार केलं. मला इतका राग आला होता की जेवता जेवता मी बोललोच, “अहो काका, तोंड दिसणार होतं तुमचं! एकदा तरी!”

“माझो जीव लागना नाय थंय,” ते म्हणाले. “तोंड आयेन बघल्यान मां? झाला तर.” आणि माशाचं कालवण माझ्या पानात वाढलं. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. हात धुतल्यावर भिंतीवरच्या छोट्या आरशात बघत, गालावरची पावडर ते बराच वेळ पुसत होते.

मालिका संपली. मरोळच्या गाळ्यात कोणी प्लॅस्टिकच्या बादल्या करायला लागलं. मी पुन्हा गणपतीकडे वळलो, वडील बोलायला लागले. काकांना पुढे काम मिळालं नाही. चेहऱ्यावरून त्यांना ओळखणार कोण? मी अधूनमधून डोंगर चढून जायचो. श्वासाची शिट्टी आता खोलीच्या बाहेरपर्यंत ऐकू येई. तरी मी दिसलो की म्हणायचे, “इलंस? बस. आज मरणा नाय मी, चाय घे.”

एका सकाळी कांबळ्यांचा निरोप आला. कारखान्यातलं काम तसंच टाकून गेलो. हाताला शाडू लागलेली होती, ती धुवायचंही सुचलं नाही. काकांना जमिनीवर ठेवलं होतं. उताणे होते आणि हात दोन्ही बाजूंना सरळ केलेले. ते बघून मला खात्री पटली आणि मी दारातच रडायला लागलो.

आजी उशाशी बसली होती. रडत नव्हती. तिने मान वर करून मला बघितलं, ओळखलं, आणि सरकून त्यांच्या तोंडाजवळ माझ्यासाठी जागा केली.

“इलंस?” ती म्हणाली. “काढ रे तां तोंडावरचा. हसांदे तेका.”

खोलीतल्या बायका हुंदके द्यायला लागल्या. कांबळेवहिनी तिला धरायला पुढे आल्या. मग मी गुडघ्यावर बसलो आणि दर वेळी करायचो तसं कानामागे बोट घातलं. आजी बघत होती, म्हणून मी बराच वेळ कड शोधत राहिलो.