ती आयतवारी का येते

माझ्याबरोबर तीस वर्सं मिठागरात मीठ ओढलेली माझी जोडीदारीन, दोन वर्सं इकडं फिरकली नव्हती. ती विरारला लेकाकडं राहायला गेली, माझा लेक राहतो त्याच बिल्डिंगमधी. आनि लेकानं मला सांगितलं, "आई, घर बंद कर, माझ्याकडं चल," तर आठ दिवसांत ही बाय रिक्षातून माझ्या दारात हजर. रिक्षावाल्यानं पैसं मागितलं नाय, तसाच गेला. ते मी बघून ठेवलं.

बसली नाय तोच सुरू. "माझ्यासारखं सुख कुनाला नाय गो. नळाला पानी, वर जायला लिफ्ट, सून कामाला हात लावू देत नाय. आनि तू? पत्रं गळतात, ढोपरं दुखतात. आंगनात पडलीस तर कोन उचलंल?"

खोटं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात पडली होती मी, शेजारनीनं उचलली. पन माझं मालक वारल्यापासून माझं सुख-दुःख बघायला कोन आलं नाय. मग आज ही का आली?

तिच्या टाचा बघितल्या. मिठानं फाटलेल्या, त्या आता भरून आलेल्या. असंल बाबा सुखात.

मग हळूच म्हनाली, "सुकं बोंबील हायत काय?"

चुलीत भाजून दिलं. भाकरीबरोबर चार खाल्लं, बोटं चाटत.

"सून जेवायला देत नाय काय गो?"

"पोटभर देते. पन सुकी मासळी भाजायची नाय, शेजारी वास जातो म्हने. आनि डबा उघडायचा तरी विचारून."

"मग कसली सुखी तू?"

"खाली बाकड्यावर बसतात त्या म्हाताऱ्यांमधी मीच सुखी. एकीशी तर लेक बोलत पन नाय."

"तुला माझ्या लेकानं धाडलं ना?"

हसली. "रिक्षा त्यानंच करून दिली."

"मग जाऊन सांग त्याला, मी येत नाय."

तिनं माझा हात धरला. "नाय म्हनू नको येडे! विचार करते, असं सांग. म्हनजे पुढच्या आयतवारी परत मला धाडंल."

तसंच सांगितलं. पाच आयतवार झालं, माझा विचार चाललाच हाय. आता मला लेकाचा संशय येतो. परवा फोनवर म्हनाला, "आई, बोंबील संपलं तर सांग, पाठवून देतो."

बोंबलाचं मी त्याला कधी बोलली नव्हती.