रिनाचं बोलावणं

रिना मडावी ताडोबाच्या गेटवर गाईड झाली, ती काही हौसेनं नाही. गावातल्या शिकलेल्या बायका घेणार म्हणून कळलं आणि सासूनं, मनकर्णाबाईनं, तिला पाठवलं. सुरुवातीला अस्वल दिसलं की पर्यटकांआधी तिचीच वाचा बसायची. हळूहळू कान तयार झाले. वाघाच्या चाहुलीनं सांबर ओरडलं की ड्रायव्हर आता तिच्या तोंडाकडे बघायचा.

यंदा उन्हाळ्यात गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिची निवड झाली. सासू खूश. पावसाळ्यात गेट बंद, कमाई बंद. त्यापेक्षा हे बरं. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

त्याच्या आदल्या आठवड्यात स्पेनची माणसं आली. वाघ काही दिसला नाही. पिलार नावाच्या म्हाताऱ्या बाईला त्याचं दुःख नव्हतं; रिना दाखवील ते ती बघत होती. मध्येच तिनं काहीतरी विचारलं. रिनाला ‘व्हेकेशन’ ऐकू आलं. सुट्टी फक्त मंगळवारी, असं तिनं सांगून टाकलं.

सोबतचा दुभाषी हसला. त्यानं हिंदीत समजावलं, की सुट्टीचा शब्द वेगळा, हा ‘वोकासिओन’; हे काम तुझं वोकासिओन आहे का, असं ती विचारते आहे. मूळ अर्थ बोलावणं. पोटासाठी करतो ती नोकरी. आतून बोलावणं येतं ते वोकासिओन. मठात जाणाऱ्यांबद्दल म्हणतात, तसंच नर्सबद्दल, मास्तरांबद्दलही. एखादा नुसता पाट्या टाकत असला, तर याला वोकासिओन नाही म्हणतात.

रिनाला बोलावणं ठाऊक होतं ते लग्नाचं, नाहीतर तेरवीचं.

“मले कोणी बोलावलं नाई,” ती म्हणाली. “सासूनं पाठवलं.”

दुभाष्यानं ते सांगितल्यावर पिलार म्हणाली, की तिलाही आईनंच नर्सिंगला ढकललं होतं. बोलावणं बऱ्याच वर्षांनी आलं.

रविवारी जेवणं झाल्यावर रिनानं अंगणवाडीत जात नाही म्हणून सांगितलं.

“काऊन?” सासूनं विचारलं.

“तिथी मले करमणार नाई.”

यापेक्षा चांगलं कारण तिला सापडलं नाही. मनकर्णाबाई बरेच दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. नवरा अश्विन दोघींच्या मध्ये पडला नाही. जागा शेजारच्या मंगलीला मिळाली.

पावसाळ्यात रिना दुसऱ्याच्या बांधीत भाताच्या रोवण्याला गेली. कंबर धरली की वाटायचं, चुकलंच आपलं. ऑक्टोबरात गेट उघडलं. पहिल्याच फेरीत मोहर्लीच्या रस्त्यावर चितळ ओरडलं, आणि तिनं हात वर करून जिप्सी थांबवली.